सिमेंट संपलेली भिंत

माझे बाबा आमच्या वाटेच्या तोंडाशी आले की खोकतात. घसा ठणठणीत आहे. पण घरी येताना आत्याच्या घरावरून यावं लागतं, आणि आत्या अंगणात केस मोकळे सोडून बसलेली असली, किंवा धुणं घेऊन दोरीकडे निघालेली असली, तर तिला आत व्हायला सवड मिळावी म्हणून आधी दोन खोकले येतात आणि मागून बाबा. गावातली कुत्रीसुद्धा त्या खोकल्यावर भुंकत नाहीत. आई म्हणते, वेळेवर गळ्यात एखादी घंटा बांधली असती तर ह्या माणसाची फुफ्फुसं वाचली असती.

बाबांचं नाव हेनेली. आमच्या लिफुका बेटावर सुतारकाम करतात, दोन डुकरिणी पाळतात, रविवारी चर्चमध्ये खर्जातला सूर धरतात, आणि उरलेल्या वेळात बोलत नाहीत. आत्या लेसिएली त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. धाकटी असती तरी काही बिघडलं नसतं. आमच्याकडे बहीण भावाहून वरचीच. बाबा सख्ख्या बहिणीला 'ती' म्हणत नाहीत, 'त्या' म्हणतात. नाव तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलंच नाही. माझं विका हे नाव आत्याने ठेवलं, आणि ते आवडलं का असं बाबांना कुणी विचारलं नाही. बाबांना अकरावं वर्ष लागलं त्या दिवशी त्यांची चटई मुलगे वेगळे निजतात त्या झोपडीत गेली. तेव्हापासून, चर्च सोडलं तर, ही दोघं जाणूनबुजून एका छपराखाली बसलेली नाहीत. एका खोलीत जेवण नाही, थट्टा नाही, एकमेकांच्या वस्तूला हात नाही. आत्याच्या लग्नात बाबांनी सतरा डुकरं भाजली आणि लग्न पाहिलं ते मंडपामागच्या धुरातून.

बाबा डाव्या पायाने किंचित लंगडतात, त्याचीही गोष्ट आत्यापाशीच जाते. सोळा वर्षांचे असताना गावच्या सभागृहात पांढऱ्या चादरीवर सिनेमा दाखवायला कुणीतरी आलं होतं. बाबा मित्रांबरोबर पुढे बसले. मध्येच यंत्र अडलं, दिवे लागले, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं तर दोन रांगा सोडून आत्या. उठून जायचं, तर सगळ्यांच्या मांड्या तुडवत जावं लागणार. तेवढ्यात दिवे गेले, आणि चादरीवरचा माणूस चादरीवरच्या बाईच्या तोंडाजवळ तोंड न्यायला लागला. पुढचं गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो उभा राहून करून दाखवतो. बाबांनी खिडकीतून उडी मारली. खिडकी चांगली पुरुषभर उंचीवर होती आणि खाली दगडांची रास होती.

पाय मोडला तो सहा आठवड्यांसाठी. मुलग्यांच्या झोपडीत दिवसभर एकटे पडून. बाकीची पोरं शाळेत, नाहीतर समुद्रावर. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी झोपडीमागच्या झाडाखाली ठक ठक सुरू झालं. गावातल्या बाया झाडाची साल कुटून कापड करतात, ते एकत्र बसून, छपरात, गप्पा मारत. आत्याने आपला ओंडका तिथून एकटीने ओढत आणला होता, आणि झोपडीमागे बसून ती मोगरीने साल कुटत होती. सहा आठवडे रोज. बायांनी विचारलं, ऊन खायला तिकडे कशाला जातेस? तर म्हणाली, छपरात धूळ फार आहे.

हे बाबांनी मला सांगितलेलं नाही. आजी सांगायची. बाबांना विचारलं तर म्हणतात, "असेल. पाय दुखत होता, लक्ष नव्हतं."

आत्याचा नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी कालो सतरा वर्षांची झाल्यावर ऑकलंडला गेली आणि तिथल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. मग मोठं वादळ आलं, त्यात आत्याचं घर उडालं, आणि बाबांनी नवं बांधलं. विटांचं, सिमेंटचं, पक्कं. तीन बाजूंनी. आमच्या घराच्या अंगाची चौथी भिंत मात्र फळ्यांची, आणि तीही फटी राहतील अशी मारलेली. ज्या माणसाने बांधलेल्या पडवीतून पाण्याचा थेंब आत येत नाही, त्याने बहिणीच्या घराला असली भिंत करावी, ह्यावर गावाने वर्षभर तोंडसुख घेतलं. बाबांचं एकच उत्तर.

"सिमेंट संपलं होतं."

त्या भिंतीला आतून लागून आत्याचा लोखंडी पलंग, पलंगाच्या पायथ्याशी कुटायचा ओंडका. भिंतीच्या बाहेर नीरफणसाचं झाड, आणि झाडाखाली बाबांची खवणी. वर बसायचं आणि पुढच्या दात्यांवर नारळ फिरवायचा, ती. रोज पाच वाजता बाबा तिथे जाऊन दोन्ही घरांपुरते आणि डुकरांपुरते नारळ खोवतात. आत आत्या साल कुटायची. अर्धा तास, पाऊण तास. मग ती थांबायची, बाबा थांबायचे, आणि खोबऱ्याची एक वाटी पानाने झाकून तिच्या पायरीवर ठेवून घरी यायचे. रविवारी आमच्याकडे कामाला बंदी. त्या दिवशी बाबा रिकाम्या खवणीवर भिंतीला पाठ लावून नुसते बसतात. आई वाटेवरून विचारते, आज काय खोवताय, हवा?

आल्यावर कधीमधी जेवता जेवता ते आईला म्हणायचे, उद्या त्यांच्याकडे संत्र्याच्या पानांचा चहा पाठव, कंबर धरलीय. आई म्हणायची, तुम्हाला कुणी सांगितलं? तर, रोज चाळीस ठोक्यांनी दम घ्यायला थांबायच्या, आज वीसवर थांबत होत्या, एवढं म्हणून पुढचा घास घ्यायचे. मी चहा घेऊन गेले की आत्या कमरेला हात लावून बसलेली असायची.

आणि म्हणूनच एका संध्याकाळी आत्या वाचली. पावणेसहाला बाबा धावत आले. लंगडणारा माणूस धावतो ते बघवत नाही. बहिणीच्या दाराच्या उलट दिशेने, आमच्या घराकडे. दारात उभे राहून आईला तीनच शब्द म्हणाले, "त्या मध्येच थांबल्या." आईने हातातलं पातेलं तसंच टाकलं. आत्या ओंडक्यावर आडवी पडलेली होती. अर्धांगाचा झटका. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. आई आणि मी आळीपाळीने तिच्यापाशी राहायला लागलो. अळकुडी मऊ शिजवून नारळाच्या दुधात कालवून भरवायची. अर्धी वाटी खायची. डोळे उघडे ठेवायची. बाबा पाचला खोकायचे, खवणीवर बसायचे. आतून ठक ठक नाही. ते खोवत राहायचे.

नवव्या दिवशी कालो आली.

कालो आली म्हणजे घरात एकदम पाच माणसं आल्यासारखं वाटतं. मोठ्याने हसते, मोठ्याने रडते, दोन्ही एकाच वाक्यात. आल्या आल्या आत्याच्या गळ्यात पडली, मग माझ्या आईच्या, मग माझ्या, आणि मग तिने पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या. दहा वर्षं म्हाताऱ्या माणसांची कामं केलेली मुलगी. आत्याला आंघोळ घातली, कूस कशी बदलायची ते मला शिकवलं, नखं कापली. सकाळी डोळे उघडल्यापासून ती आत्याशी बोलत होती. हवा, विमान, ऑकलंडमधली तिची खडूस मुकादमीण, सगळं. माणसाला कळलं पाहिजे की आपल्यापाशी कुणीतरी आहे, असं ती मला म्हणाली. मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ही फळ्यांची भिंत काय बघायची दिवसभर? आमच्या आश्रमात आम्ही पलंग नेहमी खिडकीशी ठेवतो. समुद्राकडच्या बाजूला मोठी खिडकी आहे, वारा आहे, उजेड आहे. आम्ही दोघींनी मिळून पलंग ओढला. लोखंडी पाय फरशीवर केवढ्यांदा किंचाळले. आत्याला खिडकीतून लाटा दिसत होत्या. कालोने तिच्या उशीला टेकण दिलं आणि म्हणाली, बघ आई, राणीसारखी दिसतेस.

त्या दिवशी आत्याने चार चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी चमचा ओठांना लावला की ती ओठ आवळायची, आणि डोळे मिटलेले ते मिटलेलेच. दवाखान्यातली नर्स येऊन गेली. म्हणाली, शरीर बरं आहे, मन खचलंय. अशानं फार दिवस काढणार नाही.

कालो त्या दुपारी अंगणात बसून रडली. मग नाक पुसून तिने ठरवलं. आईला ऑकलंडला न्यायचं. पुढच्या गुरुवारचं विमान.

"इथे तिला आहे कोण?" ती म्हणाली. "तू आणि मामी आहात, मान्य. पण तिचा भाऊ? तीस पावलांवर राहतात मामा. इतके दिवस झाले, एकदा दारातून विचारलं नाही, ताई, कशी आहेस. आमच्या आश्रमात ज्यांचं कुणी येत नाही ना, ती माणसं अशीच ओठ मिटून घेतात. मी रोज बघते."

मी म्हटलं, ते रोज येतात की.

"नारळ खोवायला येतात. डुकरांसाठी."

आणि कालोला जे मनात येतं ते ती पोटात ठेवत नाही. तशीच उठून आमच्या घरी गेली आणि बाबांना म्हणाली, मामा, आत्ताच्या आत्ता चला आणि माझ्या आईजवळ बसा. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. भाची. आमच्याकडे भाची मामाकडे जे मागेल ते मामाने द्यायचं, कारण विचारायचं नाही. नऊ वर्षांची असताना तिने बाबांची सायकल मागितली होती, दिली. बारा वर्षांची असताना चर्चच्या जेवणासाठी वाढवलेलं डुक्कर मागितलं होतं. बाबांनी ते आधी आंघोळ घालून स्वच्छ केलं आणि मग दिलं.

बाबा आत गेले. कमरेला जाड चटई गुंडाळून, दोरीने बांधून, चर्चला जातात तसे तयार होऊन बाहेर आले. कालोचा चेहरा उजळला. ते तिच्या मागून चालत आत्याच्या अंगणापर्यंत आले, आणि तिथे पायाला जमीन चिकटल्यासारखे उभे राहिले. मान खाली. एवढा उंच माणूस, पण त्या पाच मिनिटांत माझ्या खांद्याएवढा झाला.

"मामा, दार उघडं आहे," कालो म्हणाली.

"हो."

"या ना मग."

बाबांनी पायरीकडे पाहिलं. ओठ हलले. मग जमिनीलाच म्हणाल्यासारखे म्हणाले, "त्यांना लाज वाटेल." आणि वळून गेले.

कालो मला म्हणाली, बघितलंस? माझ्याही मनात आलंच होतं, रिवाज खरा, पण इतका?

त्या संध्याकाळी तिने बाबांना अंगणातच ऑकलंडचं सांगितलं. बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं." एवढंच. आईने रात्रीच्या जेवणाला त्यांच्यापुढे ताट आपटलं. म्हणाली, तुमची सायकल नव्हे ती, बहीण आहे. बाबांनी ताटातलं अन्न पुन्हा नीट मध्यभागी सरकवलं आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ते विचित्र बोलायला लागले. आधीच बोलणं मोजकं, त्यात हे. मी डुकरांना खायला घालत होते, तर मागे येऊन उभे राहिले.

"समुद्राकडच्या अंगाला लोखंड गंजतं."

"कुठलं लोखंड?"

"कुठलंही."

आणि गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी, जाळं विणता विणता म्हणाले, खाऱ्या वाऱ्याने कान धरतात. मी विचारलं, कुणाचे? तर म्हणाले, माणसाचे. तिसऱ्या दिवशी मी आत्याकडून येत होते, तर वाटेत गाठलं.

"त्या घराचा पाया मी भरलाय. फळ्यांकडची बाजू चांगली बसलीय. समुद्राकडची तितकी नाही."

मी घाबरले. "घर कलतंय का, बाबा?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हणताय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. कपाळावर घाम. जणू मीच त्यांना काहीतरी अचकटविचकट विचारलं होतं. मग दोनदा खोकले आणि खवणीकडे गेले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ताप आहे का बघ ह्यांना. गुरुवारला चार दिवस राहिले होते.

सोमवारी पाचला एक डुकरीण सुटली आणि शेजाऱ्याच्या रताळ्यात घुसली. बाबा अर्धा नारळ तसाच टाकून तिच्यामागे गेले. म्हटलं, तेवढा मी खोवून टाकते. मी त्यांच्या खवणीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच, ती त्यांची जागा, आम्ही तिथे बसत नाही. फळीवर त्यांच्या बैठकीची खोलगट जागा झालेली आहे. तिथे बसलं की पाठ आपोआप भिंतीला टेकते आणि डावा कान एका फटीशी येतो. अगदी फटीशी. मी दोन हात मारले आणि थांबले, का ते माहीत नाही. बाबा तसंच करतात हे मला तेव्हा आठवलं. दोन-तीन हात, थांबायचं. दोन-तीन हात, थांबायचं.

आतून काही ऐकू आलं नाही. रिकाम्या खोलीसारखं.

आणि मग आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी मी बाबांना इथे चहा आणून दिला होता, तेव्हा ह्याच फटीतून आत्याचा श्वास ऐकू येत होता. तिच्या नाकातून बारीक शीळ वाजते. कूस बदलायला जायची, तर पलंगाची कमान करकरायची. बाबांनी चहा घेताना मला बोटाने गप्प केलं होतं.

लोखंड. समुद्राकडच्या अंगाला.

मी खोबरं सांडत उठले. भाऊ बहिणीच्या अंथरुणाचं नाव घेऊ शकत नाही. ती कुठे निजते हे त्याला माहीत असणंसुद्धा बरं दिसत नाही. विचारणं, सांगणं तर लांबच. पलंग ओढल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. गेला आठवडाभर ते रिकाम्या भिंतीशी नारळ खोवत होते, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

कालो पायरीवर बसून विमानात न्यायचे कपडे घड्या करत होती. मी तिला सगळं सांगितलं. मोडलेल्या पायाचं, झोपडीमागच्या ओंडक्याचं, वीस आणि चाळीस ठोक्यांचं. "त्या मध्येच थांबल्या" हे तर तिला माहीतच नव्हतं; तिला वाटत होतं, मामी सहज डोकावली म्हणून आई सापडली.

तिने एक परकर तीनदा घडी घातला, तीनदा उलगडला.

"मग खिडकीकडे येऊन बसायचं त्यांनी," ती म्हणाली. "भिंतीला काय सोनं लागलंय?"

"तिकडे काय आहे, बघ."

तिने मान वाकडी करून बघितलं. खिडकीखाली आत्याची न्हाणीची जागा, आडोशाला झापं लावलेली. पुढे धुण्याची दोरी, त्यावर आत्याचे आतले कपडे. घर बांधून झाल्यापासून बाबांचं पाऊल त्या बाजूला पडलेलं नाही. नळ तुंबला तर ते बाहेरगावच्या माणसाला बोलावतात.

कालो दोरीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी दर रविवारी तासभर फोनवर बोलते गं आईशी. तासभर. ती हूं हूं करते. आणि हे एक शब्द बोलत नाहीत."

ते तिला लागलं होतं. मी म्हटलं, पलंग सरकवून तर बघू.

"पलंग सरकवून माणूस जेवायला लागलं असतं तर आमच्याकडे डॉक्टर कशाला ठेवले असते?" असं म्हणत म्हणतच ती उठली.

मंगळवारी दुपारी आम्ही पलंग उचलून नेला, आवाज न करता, चारही पायांखाली चिंध्या घालून. आई ओंडका धरायला आली होती. फळ्यांच्या भिंतीशी टेकवला तेव्हा आत्याने डोळे उघडले नाहीत. पण साडेचारच्या सुमाराला तिचा डावा हात वर आला आणि केसांपाशी गेला, पुन्हा खाली पडला. पुन्हा वर गेला. कालो म्हणाली, खाज येतेय का आई? माझ्या आईने कालोच्या हातावर चापट मारली आणि कंगवा पुढे केला. कालोने केस विंचरले, वेणी घातली. मग आत्याने मळक्या झग्याची बाही चिमटीत धरून ओढली. झगा बदलला. येणारा माणूस भिंतीपलीकडे बसणार होता आणि त्याला काहीही दिसणार नव्हतं.

पाच वाजता वाटेवर दोन खोकले आले.

कालो बोलायला तोंड उघडत होती. मी तिचा हात धरला. तिने तोंड मिटलं; आल्यापासून पहिल्यांदाच.

खवणी सरकली. नारळावर कोयता बसला, पाणी वाटीत पडलं. खर्र, खर्र. थांबले. आत्याने मान वळवली, तर पलंगाची कमान करकरली.

बाहेर काहीच होईना. इतका वेळ काहीच होईना, की मला वाटलं बाबा उठून गेले. मग फटीजवळ कुणीतरी श्वास सोडला, लांबलचक, बैलगाडीभर ओझं उतरवल्यासारखा, आणि खर्र खर्र पुन्हा सुरू झालं. पण आता वेगळं. आता ते घाई करत नव्हते.

आत्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात जात होतं. कालोने ते पुसलं, मग वाटी घेतली, चमचा पुढे केला. तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. सहाव्या चमच्याला बाहेरचा आवाज थांबला. दोन्ही घरांचे नारळ झाले होते. आत्याने ओठ मिटले. तिचा डावा हात पलंगावरून सरकत भिंतीशी गेला आणि बोटाच्या सांध्याने तिने फळीवर एक ठोका दिला. एकच. विनंती नव्हती त्यात. मोठ्या बहिणीचा हुकूम होता.

बाहेर धावपळ. बाबांनी आणखी एक नारळ सोलून आणला. तो झाला, पुन्हा ठोका. त्या दिवशी त्यांनी अकरा नारळ खोवले. आमच्याकडे, शेजारी, पाद्र्यांकडे, सगळीकडे दोन दिवस नारळाच्या दुधातलंच अन्न होतं आणि डुकरिणी खोबऱ्याला तोंड लावेनात. आत्याने पूर्ण वाटी संपवली आणि झोपली.

बुधवारी तेच, वाटीला थोडं वर. बुधवारी संध्याकाळी कालो अंगण ओलांडून आमच्याकडे आली. बाबा पडवीत कोयत्याला धार लावत होते. उठून उभे राहिले.

"मामा, मी मागेन ते द्यावं लागतं ना तुम्हाला?"

"लागतं."

"तुमची खवणी द्या."

बाबांचा हात कोयत्यावरच राहिला. मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. बाबा गेले आणि खवणी उचलून घेऊन आले. झटकली, फळी हाताने पुसली, तिच्यापुढे ठेवली. दात्यांची बाजू स्वतःकडे करून, तिला लागू नये म्हणून.

कालो तिच्यावर बसली. खोलगट जागेत ती मावली नाही, पुढे सरकली. मग म्हणाली, "आता ही माझी. बरोबर?"

"बरोबर."

"मी उद्या एकटीच जातेय. माझी खवणी नेता येणार नाही, विमानात दाते घेऊ देत नाहीत. तर ती त्या झाडाखाली ठेवा, आणि रोज पाच वाजता वापरा. गंजली तर मी तुम्हाला विचारीन."

बाबा खाली बघत होते. तसेच म्हणाले, "पाचला मला तसंही खोवावं लागतं. डुकरं थांबत नाहीत."

"आणि मामा, ती भिंत फळ्यांची का?"

"सिमेंट संपलं होतं."

कालो जे हसायला लागली, ती हसता हसता माझ्या आईच्या खांद्यावर रडली.

हे होऊन वर्ष होत आलं. आत्या बोलत नाही, अजून नाही. मी तिच्या घरी राहायला गेले आहे. आत्या डाव्या हाताने मोगरी उचलते. चार ठोके, पाच ठोके, साल कुटली जात नाही, नुसती चेपते. बाबांनी मागच्या आठवड्यात जेवताना सांगितलं, नऊ झाले.

कालोचा फोन रविवारी येतो, तसाच. पण आता वेळ बदललीय, पाचला करते. सुरुवातीला पाच मिनिटं बोलते, मग मला म्हणते, ठेव गं भिंतीपाशी. मी फोन उशीशेजारी ठेवते. तिकडून नळ वाहतो, भांडं ठेवल्याचा आवाज येतो, इस्त्री फुसफुसते. इकडे आत्याच्या नाकातली शीळ. भिंतीपलीकडे बाबा रिकाम्या खवणीवर पाठ टेकून.

परवाच्या रविवारी अंधारून आलं तरी ते उठेनात. आई जेवायला बोलवायला आली, वाटेवरच उभी राहून म्हणाली, "झालं का तुमचं बोलून?"

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"माझं झालं," ते हळूच म्हणाले. "त्यांचं व्हायचंय."